फाट्यावरचा डहाळा

साल दोन हजार पंचवीस, आन माझं वय तवा त्र्याहत्तर. हे आधी सांगतो, म्हंजे म्हातारा भरमिष्ट झालाय का ते तुमचं तुमी ठरवा.

मंडळी, ह्या पानावर तुमी लोकं भुताखेताचं लिवता ते माझी नात मला वाचून दाखवती, आन मी हसतो. उभा जन्म माळावर निजलोय. मसणवटीच्या कडंला, ओढ्यात, पडक्या देवळामागं. आमास्नी कोल्हा भेटला, चोर भेटला, फारेस्टवाला भेटला... भूत कवा भेटलं न्हाई. तवा मी भ्यालो म्हणून लिवतोय आसं कुणी समजू नगा. मला कळत न्हाई म्हणून लिवतोय. आन मला कळत न्हाई हे मी सहसा कुणाला सांगत न्हाई.

शाळा दुसरीपातूर. टायपिंग नातीनं केलंय, पण शब्द माझं. तिनं मधीच 'हाय'चं 'आहे' केलं हुतं, ते मी परत 'हाय' करायला लावलं.

आमची वस्ती आटपाडीच्या पुढं, माळावर. घरात मी आन कारभारीण हौसा, दोघंच. पोरगा गलाईच्या धंद्यात, तिकडं तमिळ मुलखात सोनं-चांदी गाळत बसतो. त्याची थोरली पोरगी सारिका मिरजेला. तिथल्या एका दवाखान्यात ती संशोधन खात्यात कामाला हाय. पूर्वी आमची मेंढरांची मोठी खांडं हुती, आता थोडी बकरी ठेवल्यात. मेंढरास्नी आमी बकरीच म्हणतो.

हौसाला दम लागतो. साधा दमा न्हाई. डॉक्टरानं फोटो उजेडाला धरून दाखवलं, फुफ्फुसं कडक व्हायला लागल्यात, वाळल्या दोडक्यागत आत जाळी झालीया. औषध हाय, पण ते आजार हळू करतं, मागं फिरवत न्हाई. जी बाई घोड्यामागनं आटपाडीपास्नं कोकणच्या तोंडापातूर चालत जायची, ती आता चुलीपास्नं दारापातूर आली की खांबाला धरून उभी राहती. घरात हवेचं मशीन आणलंय. लाईट गेली की मी मशीनकडं बघतो आन ती माझ्याकडं.

आता सारिकेचं काम सांगतो, कारण समदं त्यातनंच निघालं.

देशात कुठं नव्या औषधाची ट्रायल निघाली, म्हंजे माणसांवर औषध घेऊन बघायचं ठरलं, की सरकारच्या वेबसाईटवर त्याची नोंद हुती. सारिका रोज ती उघडून बघायची आन दवाखान्यातल्या ग्रुपवर टाकायची, म्हंजे डॉक्टर आपापल्या पेशंटला सांगणार. पण कामाच्या गडबडीत राहून जायचं. मग तिनं आन हापिसातल्या कॉम्प्युटरवाल्यानं मिळून तसली सोय केली की रोज सकाळी यंत्रानंच जाऊन बघायचं, नवीन काय आलंय ते निवडायचं आन ग्रुपवर टाकायचं. माणसानं हात लावायचा न्हाई. ते नीट चालतंय का बघायला तिला एक फोन पायजे हुता, डॉक्टर लोकास्नी तरास नगं म्हणून. तिनं माझा नंबर घातला.

रोज सकाळी माझा फोन वाजायचा. इंग्रजी मजकूर. वर घंटेचं चित्र, मग आजाराचं नाव, मग गाव. मला वाचता येत न्हाई, पण बकऱ्याच्या कानाची खूण वळखावी तशी मी अक्षरांची ठेवण वळखायला शिकलो. मिरजेचं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते मला पाठ झालं. पारावर बसलो की खिशातनं फोन काढायचा, "आज दोन आल्यात," म्हणायचं, परत खिशात ठेवायचा. कशाच्या दोन ते कुणी इचारायचं न्हाई.

एकदा सारिकेला म्हणालो, "म्हंजे हे यंत्र आमच्या बिरूआण्णासारखंच की गं. पुढं जायाचं, बघायचं, मागच्यास्नी खबर द्यायची."

ती हसली आन तिनं माझ्या फोनात त्या नंबराला नाव घातलं, 'आण्णा'. तवापास्नं घरात तेच. हौसा सकाळी इचारायची, "आण्णा बोलले का आज?"

बिरूआण्णा माझा थोरला भाऊ. दिवाळी झाली की आमी खांडं घेऊन निघायचो. कराड, मग पाटण, मग घाटाच्या अंगाला. आण्णा एक दिस पुढं. पाणी कुठं हाय, रान कुणाचं मोकळं हाय, शेताचा मालक बसू देतो का, बघून तळ ठरवायचा. बापई माणसं बकरी घेऊन पहाटेच हलायची, चारत चारत लांबच्या वाटंनं. बाया बिऱ्हाड घोड्यांवर लादून मागनं निघायच्या, पण सरळ वाटंनं, म्हणून तळावर त्याच आधी. सांच्याला सगळ्यांची गाठ.

आण्णा फाट्यावर खूण ठेवायचा. जी वाट घोड्यांची, तिच्या तोंडाला निरगुडीचा डहाळा आडवा, वर दोन दगड. डहाळा असल त्या वाटंला बकरी घालायची न्हाईत, घोडी तिथनंच वळवायची. शेवटच्या घोड्यामागची बाई डहाळा उचलून घ्यायची, म्हंजे मागनं येणाऱ्या परक्या तळाचा घोटाळा हुयाला नगं. त्योच डहाळा सांच्याला चुलीत जायाचा. ओला आसला तरी घालायचा, तशी रीत. आन आण्णा डावरा. दुसरा कुणीबी डहाळ्याचा शेंडा वाटंकडं करंल, आण्णाचं बूड वाटंकडं. बुडाची साल बोटभर सोललेली. त्याची खूण अंधारात हातानं चाचपली तरी कळायची.

त्यो गेला त्योबी तसाच. पाटणच्या वर, कोयनेच्या अंगाला. फाट्यावर डहाळा ठेवून पुढं गेला आन तळावर पोचून तिथंच निजला त्यो उठला न्हाई. मी बकरी घेऊन सांच्याला पोचलो तवा बाया कडंला बसलेल्या. तळ लय चांगला हुता. झरा, गवत, वारा आडवणारं झाड. एवढंच मला ध्यानात हाय.

तर गेल्या साली सारिका सुट्टीला आली तवा म्हणाली, "तात्या, आजीच्या आजारावर नवीन औषधाची ट्रायल निघायची हाय म्हणत्यात. मिरजेला आली तर आजीचं नाव देऊया?"

"तुझी आजी काय उंदीर हाय?"

"आवं, उंदरांवर आधीच झालंय ते."

"मग उंदीर जगलं का?"

"तात्या..."

ती समजावत बसली. निम्म्या लोकास्नी नवी गोळी, निम्म्यास्नी नुसती साधी, दिसायला सारखीच. कुणाला कुठली ते डॉक्टरलाबी म्हाईत नसतंय, नंतर कळतंय. आधीचं औषध चालूच राहतंय. महिन्याच्या महिन्याला तपासणी फुकट.

मी म्हणालो, "म्हंजे साधी गोळी खायाला आटपाडीवरनं मिरजेला? आन देणाऱ्यालाच म्हाईत न्हाई काय दिलं? न्हाई. माझ्याबगार ती कुठं एक पाऊल गेली न्हाई, आन ह्यात मी जाऊ देणार न्हाई. इषय संपला."

हौसा तिथंच बसली हुती, मशीनची नळी नाकाला.  तिला काय वाटतं ते मी इचारलं न्हाई.

त्याच वक्ताला सारिकेनं आणिक एक सांगितलं. माझा नंबर यंत्रातनं काढलाय. हापिसाचा नेम हाय, बाहेरच्या माणसाला ठेवता येत न्हाई.

"मी बाहेरचा?"

"हापिसाच्या बाहेरचे, तात्या."

मला लय लागलं. तिच्या हातचा चहा घेतला न्हाई मी. त्या दिवसापास्नं फोन सकाळी गप. पारावर मी खिशाकडं हात न्यायचं बंद केलं. हौसा म्हणाली, "आण्णा रुसलं वाटतं तुमच्यावर."

असंच काय दिवस गेलं. एक दिवशी सकाळी मी बकऱ्यांचं वाघर सोडत हुतो, म्हंजे ते जाळीचं कुंपण, आन खिशात फोन वाजला. ऊन वर आलेलं. काढून बघतो तर 'आण्णा'.

घंटेचं चित्र. खाली इंग्रजी. मिरजेचं नाव मी वळखलं. आजाराचं नावबी वळखलं, कारण हौसाच्या सगळ्या कागदांवर तीच तीन अक्षरं मोठ्या छापात असत्यात. आन त्याच्या खाली फोटो. त्या नंबरावरनं कवा फोटो आला नव्हता.

धुळीची वाट. फाटा. डाव्या वाटंच्या तोंडाला निरगुडीचा डहाळा आडवा, वर दोन दगड. बूड वाटंकडं. बुडाची साल सोललेली.

मी खाली बसलो. बकरी माझ्या अंगावरनं गेली.

परत बघितलं. फाट्याच्या मधी शेंदूर लावलेला धोंडा. मागं कातळ, त्याला घोड्याच्या पाठीगत बाक. त्योच फाटा. पाटणच्या वरचा, आण्णाचा शेवटचा. आन मंडळी, त्यो फाटा आता न्हाई. रस्ता रुंद केला तवा कातळ फोडला, वाट गेली, धोंडा उचलून रस्त्याच्या कडंला पत्र्याच्या देवळात बसवला. मी माझ्या डोळ्यांनी बघून आलोय. त्या काळात आमच्यात कुणाकडं कॅमेरा? आण्णाचा सुदीक एक फोटो घरात न्हाई.

पहिला इचार आला त्यो चांगला न्हवता. मेलेला माणूस पुढं जाऊन तळ बघून आलाय. घोड्यांची वाट म्हंजे बायांची वाट. तिला हिकडं वळव, म्हणतोय. बकऱ्यावाल्यानं यायचं न्हाई. म्हंजे तिनं यायचं, मी न्हाई. कुठं यायचं?

मी फोन बंडीत आत खुपसला आन हौसाला काय बोललो न्हाई. माळावर जाऊन सारिकेला फोन लावला.

"का गं, माझा नंबर परत घातलास?"

"न्हाई तात्या."

"मग आण्णा कसा बोलला?"

तिकडं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुमास्नी कसं कळलं? आज खरंच आलीया आजीच्या आजाराची ट्रायल. मिरजेलाच. ग्रुपवर सकाळीच पडली. मी तुमास्नी सांगू का नगं इचार करत हुते."

"फोटोबी पडला का?"

"कसला फोटो?"

तिनं कॉम्प्युटरवाल्याला फोनवर घेतलं. भला माणूस, पण घाईतला. "आजोबा, आमच्या अलर्टला फोटो जोडायची सोयच नाही. नुसता मजकूर जातो. आणि तुमचा नंबर यादीत नाही, मी आत्ता समोर बघतोय."

"मग माझ्या फोनात हे काय हाय?"

"आमच्याच नंबरावरनं आल्यासारखं दिसतंय खरं... पण इथनं गेल्याचं काही दिसत नाही. कुणीतरी चेष्टा केली असेल."

"निरगुडीचं बूड कुठल्या अंगाला ठेवायचं हे कुणाला म्हाईत हाय रं?"

"काय म्हणालात?"

मी फोन ठेवला.

सारिका सांजच्या एस्टीनं आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "दावा." बघितलं, फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला. "तात्या, डहाळा हाय की नुसता."

"नुसता?"

हौसा बाजंवर उठून बसली. "काय हाय ते मलाबी दावा की. दोघं मिळून काय लपवताय?"

मी नगं म्हणत हुतो, पण पोरीनं फोन आजीच्या हातात दिला. हौसाला लांबचं दिसतं, जवळचं न्हाई. तिनं फोन हात लांब करून धरला. लय वेळ बघितला. 

मग म्हणाली, "ह्यो डहाळा मी उचलला हुता."

"कवा?"

"तवाच. शेवटच्या घोड्यामागं मीच हुते न्हवं? ह्यो बघा, ह्याचा मधला फुटवा मोडलेला. माझ्या लुगड्याला अडकत हुता म्हणून ध्यानात राहिला. ह्योच मी चुलीत घातला."

"चुलीत? आण्णा तिथं मरून पडला हुता आन तू चूल पेटवलीस?"

"मग काय करू? तुमी लांब. बाया रडायला लागलेल्या, पोरं भेदरलेली, भुकेजलेली." ती थांबली, दम घेतला. तिला एक वाक्य बोलायला आता दोनदा थांबावं लागतं. "चूल मांडून ठेवली हुती भावजींनी. तीन दगड, नीट, वाऱ्याला पाठ करून. बाजूला जळण. झऱ्याचं पाणी भरून घागर झाकून. एवढं समदं करून मग निजलं हुतं ते. त्यांच्या छातीत काय हुत आसंल तवा... तरी माझं काम करून ठेवलं."

"हे मला कवा सांगितलं न्हाईस."

"तुमी इचारलं कवा?"

सारिका आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत हुती.

मी म्हणालो, "हौसा, नीट ऐक. मेलेला माणूस वाट दावतोय. ती कुठं जाती ते मला कळंना. त्यो तुला बलवत आसंल तर?"

तर ही बाई हसली. हसायला तिला दम पुरत न्हाई, तरी हसली. म्हणाली, "आवं, भावजींनी कवा वंगाळ तळ बघितला का? एकदा तरी?"

मी आठवून बघितलं. न्हाई बघितला.

"मग मला जायाचंय," ती म्हणाली. "गोळी खरी आसू दे न्हाईतर साधी. हिकडं खांबाला धरून उभं राहून मला कटाळा आलाय. आन तुमी नगा येऊ. तुमी तिथं डॉक्टरशी भांडशिला. डहाळा बघून बकरी वळवायची असत्यात, एवढं कळतंय न्हवं?"

पन्नास वर्षांवर संसार झाला, ती मला आसं कवा बोलली नव्हती. मला राग यायला पायजे हुता. आला न्हाई. त्याचंबी कारण मला सांगता येत न्हाई.

फोटो अजून फोनात हाय. कुणालाबी दावतो. पारावरची माणसं म्हणत्यात, तात्या, फांदी हाय, दगुड हायत, फॉरवर्ड आला आसंल. कॉम्प्युटरवाला एकदा घरी येऊन फोन वायरला लावून बघून गेला, त्याला कसला माग लागला न्हाई. सारिका म्हणती कायतरी टेक्निकल आसणार. काय टेक्निकल ते इचारलं की उठून चहा ठेवती. त्यानंतर त्या नंबरावरनं मला आजपातूर एक अक्षर आलं न्हाई. आन हौसाचं म्हणाल तर तिची ट्रायल चालू हाय. महिन्याला मिरजेला जाती, गोळी घेती. खरी का साधी, तिला म्हाईत न्हाई, डॉक्टरला म्हाईत न्हाई, मला तर न्हाईच. तवा आण्णानं काय दावलं, का दावलं, आन दावलं का न्हाई, हे समदं तसंच लोंबकळत पडलंय. कुणाला कळत आसंल तर सांगा. पण 'चेष्टा' म्हणू नगा, ते मी ऐकून घेणार न्हाई.

आता हौसा 'मला जायाचंय' म्हणाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं तेवढं सांगतो आन थांबतो.

मिरजेला जायाला सारिकेनं जीप सांगितली हुती. त्या आधी मी ओढ्यात जाऊन निरगुडीचा डहाळा तोडला. वस्तीच्या तोंडाला आमचाबी एक फाटा हाय, एक वाट डांबरीकडं, एक माळाकडं. डांबरीच्या वाटंला डहाळा आडवा ठेवला. मी उजवा हाय, तरी बूड वाटंकडं केलं. साल सोलली. वर दोन दगड ठेवलं आन बकरी घेऊन बाजूला थांबलो.

वस्तीवरनं जीप आली. डहाळ्यापाशी थांबली. डायव्हर वरडला, "तात्या, वाटंत काय टाकलंय हे? काढा की!"

मी हाललो न्हाई. ते माझं काम न्हवतं.

दार उघडलं. हौसा उतरली. मागनं सारिका हवेची टाकी धरून, "आजी, मी काढते, आजी बसा तुमी," करत. हौसानं तिला हातानं मागं सारलं. वाकली. एकदा थांबली, दम घेतला, परत वाकली. दगड बाजूला केलं आन डहाळा उचलून काखंत मारला, घोड्यामागं मारायची तसाच.

"आवं आजी, दवाखान्यात झाड न्यायचं?"

"तळावर लागंल," हौसा म्हणाली, आन जीपमधी बसली.

मिरजेच्या त्या दवाखान्यात ती चूल कुठं पेटवणार, ते मी इचारलं न्हाई. बकऱ्यांस्नी हाळी दिली आन माझ्या वाटंला लागलो.